फाटकाजवळचा आवाज

काकाजींकडे गाडी नेली की ते आधी गाडीची विचारपूस करायचे, मग गाडीवाल्याची. बरेचदा गाडीवाल्याचा नंबर लागायचाच नाही. आमगावला रेल्वे फाटक ओलांडलं की डाव्या हाताला त्यांचं घर, घराला लागून पत्र्याचं गॅरेज, आणि दोघांना मिळून एक मोठं लोखंडी गेट. गाडी गेटात शिरायच्या आधीच आतून आवाज यायचा, "तिसरा प्लग गेला हाय. लाव तिकडं." गाडीवाल्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

सारा तालुका त्यांना कानवाले काकाजी म्हणायचा. गंमत अशी की त्यांना उजव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि गाडी आत आली की पक्कं निदान करायला ते कान वापरतही नसत. हातभर लांबीची एक बांबूची काठी होती. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग ते आपोआप थांबलं. डोळे मिटून ते हळूहळू मान हलवत होते, समोरचं कुणी बोलत असावं आणि यांना ते पटत असावं, तशी. मध्येच मी काहीतरी विचारलं. त्यांनी काठी न काढता हात वर केला, आणि सगळं आटोपल्यावर म्हणाले, "ती बोलून राहिली तर मधात कायले बोलतं वो बाई?"

घरची धानाची शेती मोठी होती. पूर्वज माळव्यातून आले याचा त्या घराण्यात सगळ्यांना भारी अभिमान. शेती भावांवर टाकून हातांना ग्रीस फासून घेणारे हे एकटेच. भाऊबंद चिडवायचे, तेव्हा म्हणायचे, "माळव्याहून बैलगाडीनं आले ना सारे? त्या गाडीच्या चाकाले वंगन कोनी लावलं असन? तो माझा आजा."

मी गोंदियाची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी 'आवाजावरून इंजिनातील बिघाड ओळखणे' असा भारदस्त विषय घेऊन बसले होते, आणि कॉलेजातल्या यंत्राला त्यातला एकही बिघाड ओळखता येत नव्हता. वडील म्हणाले, आमगावच्या काठीवाल्याकडे जा. मग सहा महिने मी दर शनिवारी आमगावला जात राहिले. त्यांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला तिथं बसू दिलं.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे कॅसेटी. दुरुस्त झालेली गाडी बाहेर पडण्याआधी ते तिचा आवाज टेप करून ठेवत. आधी इंजिन मंद, मग हळूहळू रेस, शेवटी पाय सोडून पुन्हा मंद. "आजारी पडल्यावर आवाज घेऊन काय फायदा? निरोगी असताना घेऊन ठेवाचा. मंग कुठं बदलली ते समजते." प्रत्येक कॅसेटवर गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि हवा लिहिलेली असायची. 'ऊन, वारा नाही.' 'ढग. धानकापनी चालू.' मागच्या खोलीत धान साठवायची एक जुनी बांबूची ढोली होती. ओल लागू नये म्हणून त्या शेकडो कॅसेटी तिच्यात, तांदळाच्या कोंड्यात पुरून ठेवलेल्या असत. हात कोपरापर्यंत आत घालून ते हवी ती बाहेर काढायचे. न बघता.

गाड्या भंगारात जायच्या, मालक मरायचे, कॅसेट राहायची. कामठ्याचे एक म्हातारे गृहस्थ दर दिवाळीनंतर यायचे. त्यांची चौकोनी तोंडाची गाडी केव्हाच विकली गेली होती. ते खुर्चीत बसायचे, काकाजी कॅसेट लावायचे, आणि शेवटी इंजिन मंद झालं की त्यात कुणीतरी मोठ्यानं हसल्याचा आवाज यायचा. तो त्यांचा भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. हसणं संपलं की म्हातारे उठायचे, काकाजींना रामराम करायचे आणि निघून जायचे. एका शनिवारी हे सगळं माझ्यासमोर झालं. परतीच्या गाडीत मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

यावरून कुणाला वाटेल की काकाजी जुन्या गाड्यांचे भक्त होते. मुळीच नाही. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांवर ते उखडायचे. "जुन्या गाड्या निकम्म्या होत्या. थंडीत चालू नाही होत, उन्हात बंद पडते, बिरेक दाबा तर फर्लांगभर पुढं जाऊन थांबते. नवीन गाडीत मानूस जिता राहते बापा." मग थोडं थांबून, "फक्त ते जुनं खोटं बोलत नव्हतं." त्यांचं आवडतं वाक्य तेच होतं, गिऱ्हाइकाची खरडपट्टी काढायला घेतली की यायचं: "गाडी खोटं नाही बोलत. मालक बोलते."

हे वाक्य बोलले की घरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो काकूंचा. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

काकू रोज संध्याकाळी पाच वाजता गेट सताड उघडायच्या. सहा वाजता काकाजी उठून ते बंद करायचे. या एका तासात दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत. साडेपाचला काकू चुलीपाशी उभ्या असायच्या, हातात चहाचं पातेलं. फाटकाकडून एकामागून एक गाड्या यायच्या. काकू ऐकायच्या आणि पातेलं पुन्हा खाली ठेवायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोंदियाला सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. बापलेकानं मिळून एक जुनी पेट्रोल गाडी उभी केली होती. तिला दोन कार्बोरेटर बसवले होते, इंजिन पोखरून मोठं केलं होतं. रोज साडेपाचला ती फाटकाजवळच्या वळणावर गिअर बदलायची. दुसरा कार्बोरेटर किंचित मागे राहायचा, त्यामुळे त्या आवाजात एक बारीकसा ठेका असायचा. तो ऐकू आला की काकू चहा ठेवायच्या. मुलगा गेटात येईस्तोवर चहाला उकळी.

एकदा काकाजींनी सहज म्हणून घरच्या गाडीला काठी लावली. इंजिन त्यांना थकलेलं वाटलं. मग फिल्टर उघडला तर आत जंगलातली बारीक लाल धूळ. गोंदियाच्या डांबरी सडकेवर ती कुठून येणार? गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती. काकाजींनी मुलाला तिथंच हाक मारली, "दुकानात जातो म्हनते अन् नवेगावच्या जंगलात फिरून राहिला. किती दिवस झाले नोकरी सोडून? सांग. गाडी खोटं नाही बोलत. मालक बोलते."

गिऱ्हाइकं हसली. मुलगा घरात गेला. चहा प्यायला, जेवला, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन निघाला. दुपारी नवेगाव बांधच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या एकानं ती गाडी तळ्याच्या बांधावरून जाताना पाहिली. त्यानंतर ना गाडी दिसली ना मुलगा. पोलिसांत तक्रार झाली, तळ्यात जाळी टाकून झाली, जंगल तुडवून झालं. मी पहिल्यांदा आमगावला गेले तेव्हा या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

हे मला काकूंनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. "तो कुठं जात होता कोनास ठाऊक. असन काही त्याचं. मले सांगितलं असतं त्यानं, आज ना उद्या. पन यांच्या कानाले दम नाही निघाला." काकाजी चार हातांवर बसले होते, डावा कान आमच्याकडेच होता.

पुढे मी पुण्याला गेले, गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. काय काम करते हे मी त्यांना बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती एका तांदूळ गिरणीवाल्यामुळे. मी पुन्हा आमगावला गेले होते आणि हे गोंदियाचे शेठ आपली नवी कोरी वेगवान गाडी घेऊन आले. बसकी, लाल, नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. गाडीला काही झालेलं नव्हतं. शेठना फक्त कौतुक ऐकायचं होतं. "उस्ताद, आवाज सुनो जरा!"

त्यांनी रेस दिली आणि आत बसलेल्याच्या छातीत घुमावा असा आवाज झाला. काकाजींनी काठी इंजिनावर टेकवली, दातांत धरली, डोळे मिटले. मग उघडले. काठीची जागा बदलली, पुन्हा मिटले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते दार उघडून आत वाकले, काठी टेकवत टेकवत मागे सरकत गेले, बैठकीवर, दारावर, आणि मागच्या सीटमागच्या पत्र्यावर येऊन थांबले.

"इंजिन गुमसूम हाय," ते म्हणाले. "बोलनारा इथं बसला हाय."

शेठ हसून गेले. मला हसता आलं नाही, कारण माझं काम तेच होतं. हल्लीची इंजिनं इतकी सफाईनं चालतात की त्यांना आवाजच उरत नाही, आणि जोरात पळणारी गाडी मुकी असलेली कुणाला खपत नाही. मग जुन्या इंजिनांचे आवाज घेऊन, त्यांचे तुकडे पाडून, पायाच्या दाबाप्रमाणे ते लपवलेल्या स्पीकरमधून आत-बाहेर सोडायचे. त्या फेरीला मी आलेच होते ढोलीतल्या कॅसेटींवर डोळा ठेवून. आमच्या नव्या गाडीला 'आठवणीतला आवाज' हवा होता. मी सगळं खरं सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसले.

काकाजी खूप वेळ काठी पुसत राहिले. "मंग तुमच्या गाडीले काही दुखलं तर ती सांगन कशी?"

"पडद्यावर लिहून येतं काकाजी."

"लिहून," ते म्हणाले. "जाऊ दे. घे कॅसेटी. खोटंच बोलाचं हाय तर खऱ्या तोंडानं तरी बोलू दे. फक्त घरची नको घेऊ."

घरची म्हणजे ढोलीच्या अगदी तळाशी असलेली एक कॅसेट. तिच्यावर नंबर नव्हता, मालकाचं नाव नव्हतं. नुसतं 'घरची. ऊन, वारा नाही.' मी शब्द दिला.

दुपारी जेवून ते आडवे झाले आणि मी शब्द मोडला. नुसतं ऐकावं म्हणून लावली, आणि ऐकता ऐकता उतरवून घेतली. सबब नाही. इतका सुंदर आवाज मी आजवर ऐकला नव्हता. त्यात तो बारीक ठेका होता, आणि अगदी शेवटी इंजिन मंद होताना लांबून काकूंचा तरुण आवाज येत होता, "या दोघंही, चहा झाला." तो मी पुण्याला गेल्यावर काढून टाकला. तीन सेकंदांचं काम होतं.

ऑफिसात वीस आवाज नावं न सांगता वाजवले गेले. सगळ्यांनी एकच निवडला. त्याच क्षणी मला सांगता आलं असतं की हा आपला नाही. मी बढतीचं पत्र घेतलं आणि पेढे वाटले. आज ते लिहितानाही मला माझी लाज वाटते.

गाडी बाजारात आली तेव्हा मी एक घेऊन आमगावला निघाले. कशाला निघाले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बहुतेक मला वाटलं होतं की त्यांना ओळखू येणार नाही. इतक्या तुकड्यांतून पुन्हा जोडलेला आवाज, नव्या गाडीत, आणि ते आता सत्तरीच्या पुढे. किंवा ओळखू यावा, असंही मनात असेल. फाटक उघडं होतं. वळणावर मी सवयीनं पाय दाबला आणि तो ठेका माझ्या पाठीमागून घुमला. घड्याळात बघायचं मला सुचलं नव्हतं.

गेट सताड उघडं होतं. काकू गेटात उभ्या होत्या, पदराला हात पुसत. घरातून चहा उतू गेल्याचा वास येत होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी उतरले तशा त्या गाडीपाशी आल्या, वाकून आत पाहिलं, पुढे, मागे. मग अगदी साध्या, रोजच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "त्याले कुठं उतरवलंस बाई?"

ओट्यावर तीन कप मांडलेले होते.

काकाजी गॅरेजच्या दारात उभे होते. जवळ येऊन गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला, आणि मी गाडी बंद केली तरी तो काढेनात.

पुढचे सहा महिने फार वाईट गेले. त्या जातीच्या दोन गाड्या गोंदियात विकल्या गेल्या होत्या आणि दोन्ही आमगावच्या रस्त्यानं यायच्या, हव्या त्या वेळेला. काकू दिवसातून तीन-चारदा चहा ठेवू लागल्या. गेट त्या बंद करू देईनात. शेजारणीला म्हणायच्या, "येऊन तर राहिला. थांबून नाही राहिला, एवढंच." आणि त्या आनंदात होत्या, हेच अवघड होतं. काकाजींनी कुणाच्या तरी हाती मला चिठ्ठी पाठवली. फोन ते वापरत नसत, फोनात आवाज मरतो म्हणायचे. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'तो आवाज काढ. ती मेलेल्याची वाट पाहून राहिली अन् मले रोज ते आयकावं लागते.'

मेलेल्याची. इतकी वर्षं ते सहा वाजता उठून गेट का बंद करायचे, ते मला तेव्हा समजलं.

ऑफिसात मी काय काय सांगितलं, कुणाच्या हातापाया पडले, ते असू दे. त्यात बढती गेली, त्याचं दुःख नाही. सगळ्या गाड्यांतून तो आवाज काढला गेला, दुसरा घातला गेला. गोंदियाच्या दोन गाड्या मी स्वतः जाऊन, समोर उभी राहून बदलल्या आणि दोन्ही चालवून पाहिल्या. ठेका नव्हता. मग ऑफिसातली मूळ नोंदही पुसली. काकू आठवडाभर ऐकत राहिल्या, मग आजारी पडल्या, आणि त्या आजारात त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं. पाच वाजता गेट उघडणं सुटलं.

काकाजींना जाऊन आता वर्ष होईल. त्याच्या तीन महिने आधी, एका संध्याकाळी, मला अनोळखी नंबरावरून फोन आला. फोन शेजाऱ्याचा होता, बोलत होते काकाजी.

"बाई, तू तो आवाज काढलास ना?"

"काढला काकाजी. दोन्ही गाड्यांतून. माझ्या हातानं."

"एखांदी राहिली असन."

"नाही राहिली. तुमच्याकडच्या कॅसेटीशिवाय आता तो जगात कुठंच नाही."

पलीकडून मालगाडी जात होती, ती त्यांनी पूर्ण जाऊ दिली.

"काल साडेपाचले फाटकाजवळ आला होता."

मी म्हणाले, दुसरी कुठली तरी गाडी असेल. कुणाला म्हणाले, तर त्यांना.

"कॅसेटीतला आवाज म्हातारा नाही होत बाई," ते शांतपणे म्हणाले. "हा झाला हाय. चेन ढिली झाली हाय त्याची. मागचा पाइप फुटला हाय. दुसरा कार्बोरेटर पयले थोडासा मागं राहत होता, आता मरायले टेकला हाय. एकोनीस वर्षं मी हात नाही लावला, तेवढाच बिघाड हाय. ना कमी, ना जास्त."

"तुम्ही पाहिलं?"

"गेट बंद होतं ना," ते म्हणाले. "मीच बंद केलं होतं. फाटकापाशी येऊन थांबला तो, इंजिन चालू. मी खुर्चीतून उठून गेटापर्यंत जाईस्तोवर वापस वळला. कडी काढाले वेळ लागला मले."

"काकूंनी ऐकलं?"

"तिले आता नाही आयकू येत. तिले मी सांगतलं नाही."

मग मागे लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. ते गेट मी चांगलं ओळखते.

"काकाजी, काय करताय?"

"काही नाही. उघडं ठेवून राहिलो," ते म्हणाले. "फोन ठेवतो बाई. सव्वापाच झाले. चहा कधी ठेवला नाही मी, किती पानी लागते ते पाहा लागन."